फ्रान्स आणि जॉर्जिया यांचे नाते: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

येथे नेमका कोणता जॉर्जिया अभिप्रेत आहे?

काळ्या समुद्राच्या पूर्व किनाऱ्यापासून कॉकेशसच्या दक्षिण उतारांपर्यंत पसरलेला, तिबिलिसी ही राजधानी असलेला देश येथे अभिप्रेत आहे. अमेरिकेतील जॉर्जिया राज्याला इंग्लंडच्या दुसऱ्या जॉर्ज राजाचे नाव मिळाले. त्याचा या देशाशी काहीही संबंध नाही. या देशातील लोक स्वतःला ‘कार्तवेली’ आणि आपल्या देशाला ‘साकार्तवेलो’ म्हणतात. ‘जॉर्जिया’ हे नाव बाहेरच्यांनी दिलेले आहे.

मराठी आणि गोमंतकीय वाचकांनी हा देश बहुधा राणी केतेवानच्या निमित्ताने ऐकलेला असतो. १६२४ मध्ये इराणमधील शिराझ येथे शाह अब्बासच्या आज्ञेवरून तिचा छळ करून वध झाला. तिच्या अस्थींचा काही भाग ऑगस्टिनियन धर्मगुरूंनी जुन्या गोव्यात आणला. तेथील सेंट ऑगस्टिन चर्चच्या अवशेषांत तो पुन्हा सापडला आणि जुलै २०२१ मध्ये भारताने तो जॉर्जियाला भेट दिला. या राणीच्या मरणाची कथा सतराव्या शतकात क्लोद मालेंग्र या फ्रेंच लेखकाने आपल्या शोककथांच्या संग्रहात घेतली होती, म्हणजे पॅरिसच्या वाचकांपर्यंतही ती फार लवकर पोहोचली होती.

फ्रेंच आणि जॉर्जियन यांचा पहिला संबंध केव्हा आला?

धर्मयुद्धांच्या काळात. १२ ऑगस्ट ११२१ रोजी तिबिलिसीच्या पश्चिमेला दिदगोरी येथे राजा दावीद चौथा याने सेल्जुक तुर्क सरदारांच्या मोठ्या फौजेचा पराभव केला. त्याच्या सैन्यात ‘फ्रँक’, म्हणजे पश्चिम युरोपातून आलेले लढवय्ये होते. अँटिऑक या धर्मयोद्ध्यांच्या राज्याच्या दरबारातील गोतिये हा लेखक त्यांची संख्या २०० सांगतो, तर एडेसाचा मॅथ्यू १०० सांगतो. हे सगळे आजच्या अर्थाने फ्रेंच होते असे म्हणता येणार नाही. त्या काळी पूर्वेकडे ‘फ्रँक’ या एका शब्दात अर्धा युरोप मावत असे.

याच सुमारास जेरुसलेमहून पॅरिसच्या नोत्र-दाम चर्चकडे एक क्रूस पाठवला गेला. तो येशूच्या मूळ क्रुसाच्या लाकडाचा आहे, अशी श्रद्धा होती. पाठवणारा आन्सेल हा पूर्वी नोत्र-दाममध्येच सेवेत होता. त्याने सोबतच्या पत्रात लिहिले की, ही वस्तू जॉर्जियाच्या दावीद राजाची असून त्याच्या विधवेने ती जेरुसलेमला आणली. या तपशिलात गोम आहे, कारण दावीद चौथा ११२५ पर्यंत हयात होता आणि पत्र त्याआधीचे मानले जाते. त्यामुळे हा दावीद कोण, यावर अभ्यासकांचा वाद सुरू आहे. तरीही बाराव्या शतकातल्या पॅरिसमध्ये ‘जॉर्जियनांचा राजा’ हे शब्द आदराने उच्चारले जात होते, एवढे या पत्रावरून निश्चित होते.

फ्रेंच वाचकांना जॉर्जियाची खरी माहिती कोणी दिली?

झाँ शार्दें (१६४३ ते १७१३) या जवाहिऱ्याने. हिरे-माणके घेऊन इराणच्या दरबारी निघालेला शार्दें १६७२ मध्ये काळ्या समुद्राच्या बाजूने मेग्रेलिया प्रांतात उतरला आणि तेथील लुटालुटीतून जीव आणि माल वाचवत पुढच्या वर्षी तिबिलिसीला पोहोचला. आधीच्या प्रवासात तो शिवकालीन सुरतेपर्यंतही येऊन गेला होता. त्याचे प्रवासवर्णन १६८६ पासून प्रसिद्ध होऊ लागले. जॉर्जियन लोक पितात तितकी आणि तितकी चांगली वाइन दुसऱ्या कोणत्याही देशात प्यायली जात नाही, असे त्याने लिहून ठेवले, आणि जॉर्जियात आजही हे वाक्य मोठ्या कौतुकाने सांगितले जाते. त्याच लोकांच्या दुर्गुणांची त्याने दिलेली यादी मात्र बरीच लांब आहे आणि ती सहसा सांगितली जात नाही. तेथील स्त्रियांच्या रूपाविषयी त्याने जे लिहिले, त्यातून युरोपात जॉर्जियन सौंदर्याची एक ठरीव प्रतिमा तयार झाली. तिने पुढील दोनशे वर्षांत या देशाविषयीची समज वाढवली कमी आणि बिघडवली जास्त.

सुलखान-साबा ऑर्बेलियानी व्हर्सायला का गेला होता?

आपल्या राजाला सोडवण्यासाठी. पूर्व जॉर्जियातील कार्तली राज्याचा राजा वख्तांग सहावा इराणच्या शाहकडे अडकून पडला होता. धर्म बदलल्याशिवाय त्याला राज्य मिळणार नव्हते आणि तो ऐकत नव्हता. सुलखान-साबा (१६५८ ते १७२५) हा राजाचा नातेवाईक, त्याचा लहानपणीचा शिक्षक आणि संन्यस्त भिक्षू होता. जॉर्जियन भाषेचा पहिला मोठा शब्दकोश त्यानेच रचला. त्या कोशाच्या नावाचा अर्थ ‘शब्दांचा गुच्छ’ असा होतो. पन्नाशी उलटलेला हा कोशकार १७१३ मध्ये झाँ रिशार या फ्रेंच धर्मप्रचारकाबरोबर निघाला आणि १७१४ च्या वसंतात चौदाव्या लुईसमोर उभा राहिला.

त्याचा प्रस्ताव साधा होता. फ्रान्सने शाहवर वजन वापरावे, राजाच्या सुटकेसाठी द्रव्य द्यावे; मोबदल्यात जॉर्जियात कॅथलिक धर्मप्रचारकांना मोकळीक मिळेल आणि काळ्या समुद्रावरून पूर्वेकडे जाणारा व्यापारी मार्ग फ्रान्सला खुला होईल. लुईने त्याची सन्मानाने भेट घेतली, आश्वासनेही दिली. परंतु स्पेनच्या वारसाहक्काचे दीर्घ युद्ध नुकतेच संपत होते, खजिना रिता होता आणि राजाचे वय पंच्याहत्तर होते. सप्टेंबर १७१५ मध्ये लुई मरण पावला आणि त्याच्याबरोबर आश्वासनेही गेली. सुलखान-साबा रोमला जाऊन पोपलाही भेटला आणि १७१६ मध्ये रिकाम्या हाताने परतला. त्याने कॅथलिक पंथ स्वीकारलेला असल्यामुळे मायदेशातील ऑर्थोडॉक्स धर्मगुरूंनी त्याच्या पाठीशी ससेमिरा लावला. पुढे तो राजाबरोबर रशियात गेला आणि १७२५ मध्ये मॉस्कोजवळ वारला.

या मोहिमेला अपयशी म्हणावे लागते. मात्र तिच्यातून ‘युरोपचा प्रवास’ हे पुस्तक जन्माला आले. इस्पितळे, कारंजी, पुतळे आणि चर्चमधील दिवे यांची नोंद करणारी त्याची नजर एखाद्या कोशकाराची आहे: वस्तू दिसली की ती कशाची केलेली आहे, किती मोठी आहे आणि कशी चालते, हे लिहिल्याशिवाय तो पुढे सरकत नाही.

तो ला फोंतेनला भेटला होता, हे खरे आहे काय?

नाही. ला फोंतेन १६९५ मध्येच वारला होता, त्यामुळे अशी भेट शक्यच नव्हती. ही आख्यायिका पसरण्याचे कारण असे की, दोघेही बोधकथा लिहिणारे होते आणि सुलखान-साबाला ‘जॉर्जियाचा ला फोंतेन’ म्हणण्याची प्रथा पडली आहे.

खरा दुवा याहून जुना आहे आणि तो आपल्याकडून निघतो. पंचतंत्र पहलवीत आणि मग अरबीत ‘कलीला व दिम्ना’ या नावाने गेले. करटक आणि दमनक या कोल्ह्यांचीच ती नावे. ला फोंतेनने १६७८ मध्ये आपल्या कथांचा दुसरा संग्रह काढताना ‘पिलपाय’ नावाच्या भारतीय ज्ञात्याचे आपल्यावर ऋण असल्याचे प्रस्तावनेत मान्य केले. तिकडे राजा वख्तांग सहावा याने इराणी आवृत्तीवरून या ग्रंथाचे जॉर्जियन भाषांतर केले आणि त्यावर अखेरचा हात सुलखान-साबानेच फिरवला. म्हणजे व्हर्सायच्या दालनात जो भिक्षू उभा होता, त्याच्या आणि फ्रेंच दरबाराच्या कानावरून एकच करटक-दमनक गेलेले होते. त्या दालनात कोणाला याची कल्पना नसावी.

नेपोलियनचा अंगरक्षक रुस्तम जॉर्जियन होता काय?

तो तिबिलिसीत जन्मला, पण आर्मेनियन घराण्यात. लहानपणी पळवून विकला गेलेला रुस्तम कैरोला मामलुक, म्हणजे गुलाम सैनिक, म्हणून पोहोचला आणि १७९९ मध्ये तेथील एका शेखने त्याला बोनापार्टच्या हवाली केले. पुढील पंधरा वर्षे तो नेपोलियनच्या दाराशी झोपत असे. १८४५ मध्ये फ्रान्समध्येच त्याचा मृत्यू झाला. त्या काळचे तिबिलिसी हे बऱ्याच अंशी आर्मेनियन व्यापाऱ्यांचे शहर होते, हे लक्षात घेतले म्हणजे हा गोंधळ का होतो ते समजते. गायक शार्ल आझ्नावूर याचे वडीलही आर्मेनियन आणि जॉर्जियातील अखालत्सिखे गावचे होते.

जॉर्जियन विद्येचा पाया एका फ्रेंच माणसाने घातला असे का म्हणतात?

कारण मारी-फेलिसिते ब्रोसे (१८०२ ते १८८०) याच्या आधी युरोपात हा विषयच नव्हता. नाव स्त्रीचे वाटले तरी हे गृहस्थ होते. पॅरिसमध्ये शिक्षक नाही, व्याकरण नाही, अशा स्थितीत तो बायबलच्या जॉर्जियन भाषांतरावरून भाषा शिकला. सेंट पीटर्सबर्गमध्ये राहणाऱ्या तेइमुराझ बाग्रातिओनी या पदच्युत राजघराण्यातील विद्वानाशी त्याने पत्रव्यवहार सुरू केला आणि अक्षरशः पत्रांतून शिकवणी घेतली. १८३७ मध्ये तो स्वतःच सेंट पीटर्सबर्गच्या विज्ञान अकादमीत दाखल झाला. १८४७-४८ मध्ये त्याने जॉर्जिया पायी-घोड्यावर पालथा घातला, शिलालेख उतरवून घेतले, आणि त्यानंतर ‘कार्तलीस त्स्खोव्रेबा’ या राजवंशांच्या बखरसंग्रहाचा फ्रेंच अनुवाद टीपांसह प्रसिद्ध केला. त्याच्या वाचनात पुढे चुका निघाल्या, आणि त्या काढणारे बहुतेक सगळे त्याच्याच ग्रंथांवर शिकलेले होते. मराठ्यांच्या बखरी आधी परक्यांनी चाळल्या आणि मग राजवाडे उभे राहिले, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना हा क्रम ओळखीचा वाटेल.

एकोणिसाव्या शतकात प्रत्यक्ष येणे-जाणे होते काय?

होते, आणि ते बहुतेक एका घराण्याभोवती फिरते. जुलै १८५४ मध्ये रशियाविरुद्ध लढणाऱ्या कॉकेशसमधील डोंगरी लोकांचा नेता इमाम शामिल याच्या माणसांनी काखेती प्रांतातील त्सिनांदाली या गढीवर छापा घातला आणि चावचावाद्झे घराण्यातील बायका-मुलांना डोंगरात पळवून नेले. त्यांत काही काळापूर्वीच नोकरीला आलेली आना द्राँसे ही फ्रेंच शिक्षिकाही सापडली. आठ महिन्यांनी, शामिलचा रशियनांकडे ओलीस असलेला मुलगा आणि ४०,००० रूबल यांच्या बदल्यात सर्वांची सुटका झाली. द्राँसेबाईंचे कैदेतील अनुभव १८५७ मध्ये पॅरिसला छापले गेले. त्यात थंडी, भूक आणि मुलांचे आजारपण यांची जी वर्णने आहेत, ती ‘शूर डोंगरी लोक’ या त्या काळच्या गोड कल्पनेला चांगलाच छेद देतात.

पुढच्याच वर्षी थोरला अलेक्सांद्र द्युमा या प्रदेशात आला. त्याच्या ‘कॉकेशस’ या १८५९ च्या पुस्तकात तिबिलिसीच्या गंधकाच्या हमामखान्यांवर बहारीची पाने आहेत. तिथे एका जॉर्जियन मासिकाच्या संपादकांनी त्याला मेजवानी दिली आणि जेवण झाल्यावर, श्रीयुत द्युमा यांनी जॉर्जियनांपेक्षा अधिक वाइन प्राशन केली, असे लेखी प्रमाणपत्र दिले. द्युमाने ते पुस्तकात जसेच्या तसे छापले. एका कादंबरीकाराने स्वतःविषयी छापलेला पुरावा किती विश्वासार्ह मानावा, हा प्रश्न वेगळा.

त्याच चावचावाद्झे घराण्याची कन्या एकातेरिने ही मेग्रेलियाची राज्यकर्ती होती. रशियाने तिला दूर केल्यावर ती काही वर्षे पॅरिसला येऊन राहिली. तेथे १८६८ मध्ये तिची मुलगी सालोमे दादियानी हिचे लग्न आशिल म्युरा याच्याशी झाले. नेपोलियनची बहीण कॅरोलिन आणि नेपल्सचा राजा झालेला सेनापती म्युरा यांचा हा नातू. पुढे हे जोडपे मेग्रेलियात राहायला गेले. आशिलने तेथे द्राक्षमळे लावले आणि स्थानिक ‘ओजालेशी’ द्राक्षांची वाइन फ्रेंच पद्धतीने करून नावारूपाला आणली. झुगदिदी येथील दादियानी राजवाड्याच्या संग्रहालयात नेपोलियनच्या मृत्यू-मुखवट्याची ब्राँझ प्रत आहे, ती याच सोयरिकीमुळे.

बातुमीच्या तेलाचा फ्रान्सशी काय संबंध होता?

१८८३ मध्ये कास्पियन समुद्रावरील बाकू ते काळ्या समुद्रावरील बातुमी हा लोहमार्ग पूर्ण झाला आणि पॅरिसच्या रॉथशिल्ड पेढीने १८८६ मध्ये या व्यापारासाठी स्वतंत्र कंपनी काढली. बाकूचे तेल बातुमी बंदरात डब्यांत भरून जगभर जाऊ लागले, आणि १८९२ पासून ते टाकीवाल्या जहाजांतून सुएझमार्गे आशियाकडे येऊ लागले. आपल्या पणज्यांच्या चिमणीत जळणाऱ्या रॉकेलपैकी काही याच वाटेने मुंबईत उतरलेले होते. १९०२ मध्ये याच पेढीच्या बातुमीतील कारखान्यात मोठा संप झाला. तो पेटवणाऱ्यांत तेव्हा कोणालाही माहीत नसलेला योसेब जुगाश्विली, म्हणजे पुढचा स्टालिन, होता.

१९२१ मध्ये जॉर्जियाचे सरकार फ्रान्सला का गेले?

रशियन साम्राज्य कोसळल्यावर २६ मे १९१८ रोजी जॉर्जिया स्वतंत्र प्रजासत्ताक झाला. समाजवादी विचारांचे, पण बोल्शेविकांना विरोध करणारे हे सरकार होते आणि त्याचा प्रमुख नोए झोर्दानिया हा होता. दोस्त राष्ट्रांनी २७ जानेवारी १९२१ रोजी त्याला पूर्ण मान्यता दिली. त्यानंतर महिना व्हायच्या आत, २५ फेब्रुवारीला, लाल सेना तिबिलिसीत शिरली. मार्चच्या मध्यावर मंत्रिमंडळाने बातुमी बंदरातून ‘एर्नेस्ट रेनां’ या फ्रेंच युद्धनौकेवर देश सोडला. फ्रान्सने सैन्य पाठवले नाही, जहाज पाठवले. त्याचे कटु वाटणे साहजिक असले, तरी पुढची सत्तर वर्षे जे टिकले ते त्या जहाजावर चढले होते.

१९२२ मध्ये निर्वासित सरकारने पॅरिसच्या दक्षिणेला लेव्हील-स्यूर-ओर्झ या गावात एक जुनी हवेली आणि तिच्याभोवतीची जमीन विकत घेतली. मंत्री, सेनापती आणि कवी तेथे भाजीपाला पिकवू लागले. बाकीचे पॅरिसमध्ये टॅक्सी चालवत किंवा पूर्वेकडील सोशोच्या प्यूजो मोटार कारखान्यात कामाला लागत. फ्रान्सने १९२४ मध्ये सोव्हिएत संघाला मान्यता दिली, तरी पॅरिसमधील जॉर्जियन वकिलात १९३३ पर्यंत चालू राहिली. नसलेल्या देशाची वकिलात नऊ वर्षे चालू देणे, ही फ्रेंच नोकरशाहीची ढिलाई होती की सौजन्य, हे ठरवणे अवघड आहे.

सोव्हिएत सत्तेविरुद्धचा ऑगस्ट १९२४ चा उठाव फसल्यावर त्याचा नायक काकुत्सा चोलोकाश्विली हाही फ्रान्सला आला आणि १९३० मध्ये क्षयाने गेला. त्याच वर्षी ७ डिसेंबरला माजी पंतप्रधान नोए रामिश्विली याचा पॅरिसमध्ये गोळ्या घालून खून झाला. लेव्हीलचे जॉर्जियन दफनस्थान अशा नावांनी भरलेले आहे. झोर्दानिया १९५३ मध्ये तेथेच विसावला.

जॉर्जियाचा राष्ट्रीय खजिना फ्रान्समध्ये कसा राहिला?

या साऱ्या इतिहासातील ही सर्वांत विलक्षण हकिगत आहे. सरकारबरोबर चर्च आणि संग्रहालयांतील सोन्याचांदीच्या मूर्ती, मीनाकाम, हस्तलिखिते आणि दागिने ३९ पेट्यांत भरून नेण्यात आले. त्यांची जबाबदारी एक्व्तिमे ताकाइश्विली (१८६३ ते १९५३) या इतिहासकाराकडे होती. गावोगावच्या चर्चमधून यांपैकी कित्येक वस्तू त्यानेच पूर्वी नोंदवल्या होत्या, त्यामुळे पेटीत काय आहे हे त्याला यादी न पाहता सांगता येत असे. पेट्या आधी मार्सेयच्या आणि नंतर पॅरिसच्या बँकेत ठेवल्या गेल्या.

पुढील चोवीस वर्षे ताकाइश्विलीने त्यांवर पहारा दिला. तो आणि त्याची पत्नी निनो लेव्हीलमध्ये अत्यंत गरिबीत राहिले आणि १९३१ मध्ये ती वारली. परदेशी संग्रहालयांनी काही वस्तू विकत मागितल्या. एक जरी वस्तू दिली असती, तरी औषधपाण्याची भ्रांत मिटली असती. त्याने एकही दिली नाही. १९३० च्या दशकात दादियानी घराण्याच्या एका वारसदार राजकन्येने, म्हणजे वर आलेल्या सालोमे म्युराच्या भाचीने, झुगदिदी राजवाड्यातील वस्तू आपल्या मालकीच्या आहेत असा दावा फ्रेंच न्यायालयात लावला. तो दावाही त्याने लढवला आणि त्या वस्तू जॉर्जियन जनतेच्या आहेत हे टिकवून धरले. जर्मन ताब्याच्या काळातही पेट्या सुरक्षित राहिल्या.

पॅरिस मुक्त झाल्यावर सोव्हिएत वकिलातीशी बोलणी झाली, द गॉलच्या सरकारने संमती दिली आणि एप्रिल १९४५ मध्ये खजिना विमानाने तिबिलिसीला परतला. त्याच विमानात ब्याऐंशी वर्षांचा ताकाइश्विलीही होता. आधी सत्कार झाला. नंतर पाळत, मानलेल्या मुलीची अटक, आणि जवळजवळ स्थानबद्धतेत १९५३ मध्ये मृत्यू. अंत्ययात्रेला मोजकी माणसे होती. २००२ मध्ये जॉर्जियन चर्चने त्याला संतपद दिले.

काही निर्वासितांनी खजिना सोव्हिएत हाती देणे म्हणजे फितुरी, असे त्याला सुनावले होते. त्यांचा मुद्दा पोकळ नव्हता. पण आज तिबिलिसीच्या संग्रहालयात त्या मूर्तींसमोर उभे राहिल्यावर त्याचाच हिशेब बरोबर होता असे वाटते.

दुसऱ्या महायुद्धात फ्रान्समधील जॉर्जियन कोणत्या बाजूला होते?

सर्व एका बाजूला नव्हते. सोव्हिएत सत्ता उलथेल या आशेने काहींनी जर्मनांशी हातमिळवणी केली. त्याच वर्तुळातील काहींनी मग, जॉर्जियन ज्यू हे वंशाने जॉर्जियनच आहेत असे जर्मनांना पटवून अनेक ज्यू कुटुंबांना वाचवले.

दुसऱ्या टोकाला दिमित्री अमिलाखवारी (१९०६ ते १९४२) आहे. निर्वासित म्हणून आलेला हा राजपुत्र सँ-सीरच्या लष्करी शाळेतून फ्रान्सच्या परकीय पलटणीत, म्हणजे परदेशी सैनिकांच्या दलात, दाखल झाला, १९४० मध्ये नॉर्वेतील नार्विकला लढला आणि मग जर्मनांपुढे शरणागती नाकारणाऱ्या द गॉलच्या बाजूने उभा राहिला. लिबियातील बीर हाकेमच्या वेढ्यात त्याने पलटणीच्या तेराव्या तुकडीचे नेतृत्व केले. २४ ऑक्टोबर १९४२ रोजी एल अलामेनच्या आघाडीवर तो पडला. फ्रान्सने केलेल्या स्वागताचे ऋण फेडायचा आम्हा परक्यांना एकच मार्ग आहे आणि तो म्हणजे तिच्यासाठी मरणे, असे तो म्हणत असे. पॅरिसच्या सेंट नीनो या जॉर्जियन चर्चचा पहिला धर्मगुरू ग्रिगोल पेराद्झे हा ज्यूंना मदत केल्यामुळे पकडला गेला आणि १९४२ च्या डिसेंबरात आउश्वित्झमध्ये मारला गेला.

कलावंतांचे नाते कसे होते?

स्वतंत्र प्रजासत्ताकाने जे काही चित्रकार पॅरिसला पाठवले, त्यांत लादो गुदियाश्विली आणि दावीद काकाबाद्झे हे दोघे मोठे होते. गुदियाश्विली मोंपार्नासच्या कॅफेंत बसे, मोदिल्यानीच्या वर्तुळात वावरे, आणि चितारायचा मात्र तिबिलिसीच्या दारूगुत्त्यांतील ‘किंतो’ फेरीवाले. काकाबाद्झेने तेथे अमूर्त रचना केल्याच, शिवाय चष्म्याविना त्रिमिती चित्रपट दाखवण्याच्या यंत्राचे पेटंटही घेतले. दोघेही १९२० च्या दशकातच मायदेशी परतले आणि पुढे ‘रूपवादी’, म्हणजे आशयापेक्षा रूपाला महत्त्व देणारे, म्हणून त्यांना त्रास भोगावा लागला. इल्या झ्दानेविच मात्र १९२१ मध्ये पॅरिसला जाऊन परतला नाही. ‘इलियाझ्द’ या नावाने त्याने पिकासो, मिरो यांच्यासह काढलेली पुस्तके आज संग्राहकांच्या तिजोरीत असतात. त्याचे वडील तिबिलिसीच्या शाळेत फ्रेंचच शिकवीत.

याच इल्याच्या भावाने आणि फ्रेंच वंशाच्या मिखाईल ल-दांत्यू या चित्रकाराने १९१२ मध्ये तिबिलिसीच्या एका खाणावळीत निको पिरोस्मानीची चित्रे पाहिली आणि त्याला उजेडात आणले. पिरोस्मानी काळ्या मेणकापडावर रंगवायचा. त्याच्या ‘नटी मार्गारिता’ या १९०९ च्या चित्रात पांढऱ्या झग्यातील एक बाई ताठ उभी असून हातात फुले आहेत. ही तिबिलिसीला आलेली फ्रेंच नटी. तिच्यासाठी त्याने सर्वस्व विकून गल्लीभर फुले पसरली, ही गोष्ट आख्यायिका आहे. चित्र खरे आहे.

चित्रपटांत ओतार इयोसेलियानी (१९३४ ते २०२३) याचे नाव आधी घ्यावे लागते. सेन्सॉरला कंटाळून तो १९८२ मध्ये फ्रान्सला गेला. पॅरिसमध्ये काढलेले त्याचे चित्रपट पाहताना, माणसे फ्रेंच बोलतात पण जेवायला जॉर्जियनांसारखी बसतात, असे सारखे जाणवते.

बास्क आणि जॉर्जियन लोक एकाच वंशाचे आहेत काय?

बास्क लोक फ्रान्स आणि स्पेनच्या सीमेवर राहतात. स्पेनच्या द्वीपकल्पाप्रमाणे प्राचीन काळी पूर्व जॉर्जियालाही ‘इबेरिया’ म्हणत, म्हणून ही कल्पना निघाली. बोर्दोचे भाषाशास्त्रज्ञ रने लाफों यांनी बास्क आणि कॉकेशी भाषांच्या तुलनेवर आयुष्य वेचले. आज बहुसंख्य भाषाशास्त्रज्ञांना ते नाते सिद्ध झाले असे वाटत नाही.

भाषा आणि अभ्यासाच्या पातळीवर काय उरले?

तिबिलिसीत दुकानदार ‘मद्लोबा’ (धन्यवाद) याऐवजी सहज ‘मेर्सी’ म्हणतो. पॅरिसमध्ये कालिस्त्रात आणि निनो सालिया या दांपत्याने १९४८ ते १९८४ या काळात ‘बेदी कार्तलीसा’ हे नियतकालिक चालवले. तिबिलिसीत जे छापता येत नव्हते, ते त्यात येत असे. झोर्झ द्युमेझिल आणि त्यांच्यामागून पॅरिसमध्येच जन्मलेले जॉर्जियन वंशाचे झोर्झ शाराशिद्झे यांनी कॉकेशसच्या पुराणकथांचा अभ्यास जगन्मान्य केला. १९७९ पासून नांत आणि तिबिलिसी ही जोडशहरे आहेत, आणि २००४ पासून जॉर्जिया फ्रेंचभाषी देशांच्या संघटनेत निरीक्षक आहे.

रग्बी फ्रान्समधून आली काय?

होय. मार्सेयहून आलेल्या झाक आस्पेकियान या आर्मेनियन गृहस्थाने १९५९ मध्ये तिबिलिसीच्या घोडशर्यतीच्या मैदानावर पहिला सराव घेतला आणि त्याला वीसेक मुले जमली. खेळ झटकन रुजला, कारण गावच्या गाव एका जड चेंडूसाठी झुंजते तो ‘लेलो’ हा तेथील जुना खेळ. रग्बीतही गोलरेषेपलीकडे टेकवलेल्या चेंडूला तेथे ‘लेलो’च म्हणतात. क्लोद सोरेल या फ्रेंच प्रशिक्षकाच्या हाताखाली जॉर्जिया २००३ मध्ये प्रथमच विश्वचषकाला गेला. चार वर्षांनी फ्रान्समध्येच, लाँस येथे, नामिबियाला ३०-० असे हरवून त्यांनी पहिला विजय मिळवला. फ्रेंच क्लबांत जॉर्जियन खेळाडू डझनांनी आहेत. विशेषतः स्क्रमच्या पहिल्या रांगेत, जिथे मानेचा आणि खांद्याचा कस लागतो, तिथे त्यांना फार मागणी असते. माँपेलिये आणि तुलाँकडून खेळलेला मामुका गोर्गोद्झे तर फ्रेंच प्रेक्षकांना ‘गोर्गोद्झिला’ म्हणून पाठ होता.

आज हे नाते कोणत्या स्थितीत आहे?

निर्वासितांच्या नातवंडांपैकी दोघी बहिणी-बहिणी सर्वांना ठाऊक आहेत. एलेन कारेर दांकोस या १९९९ पासून २०२३ मध्ये निधन होईपर्यंत फ्रेंच अकादमीच्या कायम सचिव होत्या. त्यांची चुलत बहीण सालोमे झुराबिश्विली पॅरिसमध्ये जन्मली, २००३ मध्ये फ्रान्सची राजदूत म्हणून तिबिलिसीला गेली, दुसऱ्याच वर्षी जॉर्जियाची परराष्ट्रमंत्री झाली आणि २०१८ मध्ये अध्यक्षपदी निवडून आली. तिच्या फ्रेंच वळणाच्या जॉर्जियन उच्चारांची विरोधकांनी सतत टर उडवली.

राज्यपातळीवर २१ ऑगस्ट १९९२ रोजी राजनैतिक संबंध सुरू झाले. ऑगस्ट २००८ मध्ये रशियाशी युद्ध पेटले, तेव्हा युरोपीय संघाचे अध्यक्षपद फ्रान्सकडे होते आणि अध्यक्ष सार्कोझी यांनी सहा कलमी शस्त्रसंधी घडवून आणली. लढाई थांबली, गेलेला मुलूख परत आला नाही. २०१७ मध्ये जॉर्जियनांना युरोपात व्हिसाविना प्रवेश मिळाल्यावर फ्रान्समध्ये आश्रयासाठी अर्ज करणाऱ्यांची संख्या खूप वाढली. आता आश्रय मागणाऱ्यांत मंत्री नाहीत, उपचारासाठी आणि रोजगारासाठी आलेली साधी माणसे आहेत, आणि फ्रान्स जॉर्जियाला ‘सुरक्षित देश’ मानत असल्यामुळे बहुतेकांचे अर्ज फेटाळले जातात.

२०२४ च्या ऑक्टोबरातील वादग्रस्त निवडणुकीचा निकाल झुराबिश्विली यांनी मानला नाही. जळालेले नोत्र-दाम दुरुस्त होऊन ७ डिसेंबर २०२४ रोजी पुन्हा उघडले, तेव्हा त्या पॅरिसमध्ये निमंत्रितांत होत्या. तीन आठवड्यांनी त्यांनी तिबिलिसीतील अध्यक्षीय निवास सोडला. त्या वास्तूचे नाव ऑर्बेलियानी राजवाडा आहे.